कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी असिस्टंट कोच: निवडायचा कसा, आणि वर्षाअखेरी जोखायचा कसा?

सकाळचे_साडेपाच (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, फुटबॉलवाले ओळखतीलच. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स, क्रिकेट सगळं माझ्याच गळ्यात, आणि फुटबॉलचा कोचही मीच. यंदा संस्थेने पहिल्यांदाच असिस्टंट कोचसाठी मानधन मंजूर केलंय. ऑगस्ट ते मार्च, प्रवासभत्ता नाही. रकमेबद्दल विचारू नका, लिहायला संकोच वाटतो.

चाळणी लावून तीन जण उरलेत.

पहिला पंचविशीच्या आतला. एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) कोचिंगचं डी लायसन्स आहे, एका अकॅडमीत लहान मुलांना शिकवतो. मुलाखतीला लॅपटॉप घेऊन आला आणि हाय प्रेस, बिल्ड-अप, हाफ स्पेस असं सगळं रंगीत बाणांनी दाखवलं. प्राचार्य मॅडम खूश. मी विचारलं, आमचं ग्राउंड बघितलंस का? नाही म्हणाला. लायब्ररीकडच्या बाजूला दसऱ्यापर्यंत चिखल असतो हो. तिथे गोलकीपरपासून छोटे पास करत यायचं म्हटलं तर समोरच्या स्ट्रायकरला आमंत्रणच.

दुसरा कामठीचा. चाळिशी ओलांडलेली, नागपूरच्या लीगमध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलेला. लायसन्स नाही. अर्ज अर्ध्या पानाचा, तोही भाच्याने टाइप केलेला. पण जाता जाता म्हणाला, "सर, माझ्यासोबत चार पोट्टे येतील. बारावी झालीय त्यांची, अ‍ॅडमिशनचं तेवढं तुम्ही बघा." हे ऐकल्याबरोबर संस्थेचे सचिव खुर्चीत सावरून बसले.

तिसरा नोकरीतून निवृत्त झालेला गोलकीपर. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केलाय. फक्त सकाळी येणार. "गोलकीपर अन् डिफेन्स माझ्याकडे द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा" असं स्पष्ट सांगितलं. मला हा माणूस आवडला. गेल्या हंगामात आम्ही बाहेर पडलो तो सामना ०-२ होता आणि दोन्ही गोल लांब थ्रो-इनवर खाल्ले. दोन्ही वेळा आमची पोरं बॉलकडे बघत होती, माणसाकडे कोणीच नाही.

सचिवांना दुसरा हवाय, कारण त्यांना आंतरमहाविद्यालयीन ट्रॉफी दिसतेय. तुम्ही असता तर कोणाला घेतलं असतं, आणि कशावरून?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. मार्चमध्ये याच्या कामाचा एक पानी अहवाल द्यायचाय, त्यावर पुढच्या वर्षीचं मानधन ठरणार. टीम जिंकली तर ते त्याच्यामुळे कशावरून? आणि हरली तर? "कामगिरी समाधानकारक" हे वाक्य आमच्या ऑफिसात शिक्क्यासारखं वापरतात. ते लिहायचं नाहीये.

---

कामठी_सेंटरहाफ

सर, मी कामठीचाच, पण तो अर्जवाला मी नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर इथे लोक लगेच नातं जोडतात.

चार पोट्ट्यांचं पहिले बोलू. जो पोट्टे घेऊन येते तो पोट्टे घेऊन जाते बी. आमच्या इकडे हे नवं नाही. एका कॉलेजात असाच एक जुना खेळाडू लागला, मोहल्ल्यातले पोट्टे मागोमाग गेले, ट्रॉफी आली, फोटो निघाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने थोडे जास्त कबूल केले अन् अख्खी डिफेन्स लाइन एका ऑटोत बसून निघून गेली. जुन्या कॉलेजचे पीटीचे सर जुलैमध्ये हॉस्टेलच्या दारात उभे राहून "कोणी फुटबॉल खेळते का रे" असं विचारत होते. तुमच्या सचिवांना हे ऐकवा.

पण म्हणून त्याला उडवू नका. एवढंच विचारा, की ते पोट्टे याच्याकडे काहून येऊन राहिले? याने शिकवलं म्हणून, की याने बूट घेऊन दिले म्हणून? शिकवलं असेल तर माणूस कामाचा आहे. लायसन्सचं काय, डी म्हणजे पहिल्या पायऱ्यांपैकी एक, तिच्यावर सी, बी, ए अन् प्रो बाकीच आहेत. संस्थेने फी भरावी अन् पाठवावं कोर्सला. लायसन्स मिळवता येते. ज्याला शिकवता येत नाही त्याला कोर्सने किती येणार, तुम्हीच सांगा.

अन् मुलाखत खुर्चीवर काहून घेतली जी? तिघांनाही वेगवेगळ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर बोलवा. फर्स्ट इलेव्हन देऊ नका, चांगल्या पोट्ट्यांना कोणीबी शिकवते. बेंचच्याही मागचे आठ पोट्टे द्या, चार बॉल, खुणेचे थोडे प्लॅस्टिकचे कोन. पाऊण तास. तुम्ही दूर झाडाखाली उभे राहा अन् पहिल्या दहा मिनिटांत किती पोट्टे रांगेत उभे राहून आपला नंबर येण्याची वाट पाहून राहिले ते मोजा. आठ पोट्टे, चार बॉल अन् तरी सहा जण रांगेत, असं असेल तर कागद कोणता का असेना, चहा पाजा अन् पाठवून द्या.

मग एखादा पोट्टा तीच चूक पुन्हा करते तेव्हा हा काय करते ते पाहा. आमचे एक उस्ताद होते, आता नाहीत. आमचा लेफ्ट बॅक बॉल घेताना नेहमी आपल्याच गोलकडे तोंड करायचा, बॉल आला की अडकायचा. सगळे बाहेरून ओरडायचे, "टर्न! टर्न!" उस्तादांनी खेळ थांबवला नाही. जाऊन त्याच्या पाठीमागे उभे राहिले अन् बॉल यायच्या आधी विचारलं, "माझ्या हातातल्या बिबचा (सरावात घालायच्या रंगीत बंडीचा) रंग कोणता?" पोट्ट्याला सांगता येईना, मागे पाहिलंच नव्हतं. पुढच्या बॉलला त्याने आधी मान फिरवली, मग खांदा, मग अंगच उघडं झालं. पुढचा अर्धा तास उस्ताद नुसते बिब बदलत मागे फिरत होते. मी तिथेच होतो, सेंटर हाफला. असा माणूस दिसला तर सोडू नका, मग तो कुठचा का असेना.

---

धरमपेठ_टू_ओहायो

जन्म नागपूरचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत. इथला कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून हातात बॉल धरून पळायचा खेळ, तेव्हा तंत्र राहू द्या. पण असिस्टंट कोच नेमणं आणि जोखणं हा प्रकार इथल्या कॉलेजांनी पार टोकाला नेलाय, म्हणून लिहितो.

२०१८ पासून वरच्या श्रेणीतल्या टीमला हेड कोचशिवाय दहा असिस्टंट ठेवता यायचे. मैदानावर शिकवायचा हक्क त्यांनाच, बाकीचे 'अ‍ॅनालिस्ट' म्हणून खोलीत व्हिडिओ बघणार. अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे हेड कोच निक सेबन यांनी तर दुसरीकडून काढून टाकलेले हेड कोचसुद्धा अ‍ॅनालिस्ट म्हणून बसवून घेतले होते. शिकवण्यावरची ही मर्यादा २०२४ मध्ये उठली. महत्त्वाचं हे, की प्रत्येक असिस्टंटकडे खेळाडूंचा एक गट बांधून दिलेला असतो. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) एकाकडे, पुढच्या रांगेतले लाइनमन दुसऱ्याकडे, मागचे बचावपटू तिसऱ्याकडे. मग निदान विचारता तरी येतं, की बाबा रे, तुझी पोरं ऑगस्टमध्ये कुठे होती आणि आता कुठे आहेत?

तरी श्रेयाचा गुंता सुटत नाही. जो ब्रेडी या असिस्टंटचंच बघा. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या टीमकडे आला, पासिंगचा खेळ त्याच्याकडे. तिथला क्वार्टरबॅक जो बरो. त्याचे टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, २०१८ मध्ये १६, २०१९ मध्ये ६०. टीम १५ पैकी १५ जिंकली. ब्रेडीला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, जो १९९६ पासून देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटला देतात, आणि तो एका हंगामातच व्यावसायिक लीगमध्ये निघून गेला. आता म्हणाल, १६ चे ६० ब्रेडीने केले. पण आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणून पदावर स्टीव्ह एन्समिंगर होते. बरोचं त्या टीममधलं दुसरं वर्ष होतं. बॉल झेलायला जस्टिन जेफरसन आणि जमार चेस होते. पुढच्या वर्षी टीम पाच विजय, पाच पराभव यावर आली, पण तेव्हा एकटा ब्रेडी गेला होता का? बरो गेला, जेफरसन गेला, चेस तो हंगाम खेळलाच नाही. यातून असिस्टंटचे गुण वेगळे काढून दाखवा बरं! एवढा पैसा आणि एवढे कॅमेरे असलेल्यांना ते नीट जमत नाही, तर टीमच्या निकालावरून तुमच्या सचिवांना ते कसं कळणार?

चार पोरांबद्दल: इथे खेळाडू आणणं हे असिस्टंटच्या कामातच मोडतं, त्यात लपवाछपवी नाही. पण २०२१ पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ पासून, अभ्यासात पास असेल तर, कितीही वेळा. तेव्हापासून कोच हलला की त्याची पोरंही हलतात. कामठीचा ऑटो इथे विमानाने जातो, एवढाच फरक.

माझं मत असं, की अहवालात ट्रॉफीचा रकानाच ठेवू नका. ऑगस्टमध्ये त्याच्या नावावर एक ठळक काम लिहून द्या. तुमच्या बाबतीत ते समोरच आहे: थ्रो-इन आणि कॉर्नरवर खाल्लेले गोल. आणि मॅच चालू असताना बदली खेळाडू मैदानात जाताना त्याला आपलं काम एका वाक्यात सांगता येतं का, ते अधूनमधून विचारून बघा.

---

मानकापूरची_विंगर

सरांचा प्रश्न आणि वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. मुलींची टीम या पूर्ण चर्चेत कुठेच नाही. हा असिस्टंट मुलींनाही शिकवणार आहे की नाही? शिकवणार असेल तर ट्रायलच्या त्या आठांत चार मुली ठेवा. बरेच जण मुलींना चाळीस मिनिटं नुसतं ग्राउंडभोवती पळवतात आणि त्याला फिटनेस म्हणतात. मी स्वतः ते पळून झालंय.

चौकशी करताना क्लबच्या सेक्रेटरीला फोन करू नका, तो "माणूस हिरा आहे" असंच सांगणार. या माणसाच्या हाताखालून जे सोडून गेले त्यांना शोधा. का सोडलं ते विचारा. मुलींसोबत बाहेरगावी जायचं असेल, वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखा लांबचा प्रवास असेल, तर पोलीस व्हेरिफिकेशन आणि सोबत बाई शिक्षक, हे नेमणूकपत्रातच लिहा. नंतर तोंडी आठवण करून देत बसावं लागतं.

अहवालासाठी मी एकच गोष्ट बघते. टीमची यादी लागली, की ज्यांचं नाव नाही त्या मुली पुढे किती दिवस येतात? डिसेंबरच्या थंडीत, सहा वाजता, मॅच खेळायला मिळणार नाही हे माहीत असून जर मुली येत असतील तर तो कोच त्यांना काहीतरी देतोय. हजेरीपट तुमच्याकडेच आहे ना सर, वेगळं काही मोजायची गरज नाही.

---

सकाळचे_साडेपाच

सगळ्यांचे आभार. मॅडम, मुलींचं बरोबर आहे. आमच्याकडे पूर्ण टीम उभी राहत नाही, पण नऊ-दहा जणी येतात. ट्रायलला चार ठेवल्या.

लॅपटॉपवाल्याने चकित केलं. चिखल बघितला आणि एक शब्द न बोलता कोन उचलून कोरड्या बाजूला नेले, दोन छोटी मैदानं आखली, प्रत्येकावर दोन विरुद्ध दोन असे सामने लावले. रांग शून्य. मात्र चूक दिसली की तो लांबलचक समजावत होता आणि पोरं माना डोलवत होती. गोलकीपर साहेबांनी दोघांना गोलमध्ये घेतलं, त्या दोघांना अप्रतिम शिकवलं, आणि बाकीचे सहा जण गवत उपटत बसले. कामठीवाल्याने रांग लावली. मी मनात फुली मारणार तेवढ्यात त्याने स्वतःच ती मोडली, जोड्या केल्या आणि लांब थ्रोवर उभं राहायला शिकवलं: समोरच्याच्या कमरेला हाताची पाठ टेकवून ठेवायची, म्हणजे बॉलकडे बघत असलात तरी माणूस हलला की कळतं. धरू नका, फक्त टेकवा, धरलं तर पेनल्टी. हे मुलींनी मुलांपेक्षा लवकर उचललं.

कामठीवाल्यासोबत येणार होती त्या चार पोरांपैकी एकाला फोन केला. का येतोस रे त्यांच्यासोबत, तर म्हणाला, "दादा प्रॅक्टिस झाल्यावर आमची चूक आम्हालाच वहीत लिहायला लावतात. लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी बाहेर." वहीचे फोटो मागवले. अक्षर भयंकर, पण तारखा सलग.

तेव्हा कामठीवाले. नेमणूकपत्रात मुला-मुलींच्या सेट पीसचा (थ्रो-इन, कॉर्नर वगैरे) बचाव आणि राखीव खेळाडूंची हजेरी हे दोनच विषय त्यांच्या नावावर टाकलेत, मार्चचा अहवालही त्यावरच. डी लायसन्सची फी संस्था भरणार, निदान तसं तोंडी ठरलंय. पोरांच्या अ‍ॅडमिशनचा शब्द दिलेला नाही. चारपैकी दोघांनी तर एव्हाना दुसरीकडे प्रवेश घेतलाय, त्यामुळे सचिव माझ्याशी कामापुरतंच बोलतात. लॅपटॉपवाल्याला पुढच्या वर्षी जागा वाढली तर बोलवीन असं सांगितलंय, आणि जागा वाढावी म्हणून पत्रही टाकलंय.

---

कामठी_सेंटरहाफ

चांगलं केलं सर. फक्त एक काम करा, मानधन महिन्याच्या महिन्याला निघेल असं अकाउंट्सकडून लिहून घ्या. ऑगस्टचे पैसे मार्चमध्ये देतात काही ठिकाणी, अन् त्यातून बी स्टॅम्पचा रुपया कापतात. कामठीहून रोज पहाटे यायचं म्हणजे पेट्रोल त्याच्याच खिशातलं आहे.