तातडीची मदत हवी : आई-बाबांना परदेशात बोलायला रोजची वाक्यं

शहापूरचा_बारक्या
आई-बाबा रविवारी टूरवर जाऊलेत. टूरवाल्यानं वाक्यांची दोन पानं दिल्यात, त्यात 'तुमच्या देशाची संस्कृती थोर आहे' असलं काय काय. हे कुणाला बोलायचं, टॅक्सीवाल्याला? मला कामाची पाहिजेत : तिखट नको, अंडं नको, किती झाले, लई महाग आहे, बाथरूम कुठाय. देवनागरीतच द्या, बाबा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात ठेवणार. गुगल कर म्हणून कुणी सांगू नका.

टिळकवाडीचे_अण्णा
देश कुठला बे? रविवार तेवढा कळला.

निपाणी_एक्सप्रेस
देश कुठला का असेना. फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप घाला, घरच्या वायफायवर ती भाषा उतरवून ठेवा. नेट नसलं तरी चालतंय. मेनूवर कॅमेरा धरला की काम झालं. कागद-बिगद कोण बाळगतंय आता.

शहापूरचा_बारक्या
बाबांचा फोन बटणांचा आहे ओ. आणि बँकॉक-पट्टायाच की, मग दोन रात्री सिंगापूर. सगळे तिकडंच तर जातात.

खानापूरची_लेक
आम्ही बँकॉकला राहून आलोय, म्हणून सांगते. आधी दोन गोष्टी सांगा. बोलणार कोण, आई का बाबा? थाई भाषेत वाक्याच्या शेवटी बाई 'खा' लावते, बाप्या 'ख्राप'. आपल्याकडच्या कानडी 'री'सारखं समजा, त्याशिवाय बोलणं उद्धट वाटतं. आणि शाकाहारी म्हणजे नुसतं अंडं-मांस नको, का कांदा-लसूणही नको?

शहापूरचा_बारक्या
दोघंही बोलतील. आई माळकरी, कांदा-लसूण खात नाही. बाबांचं तसलं काही नाही, पण शुगर आहे.

खानापूरची_लेक
हे आधी लिहिलं असतं तर! घ्या :
तिखट नको – माय फेत
अंडं घालू नका – माय साय खाय
माशाचं पाणी घालू नका – माय साय नाम प्ला
साखर घालू नका – माय साय नाम तान
किती झाले – थाव राय
फार महाग – फेंग पाय
बाथरूम कुठाय – हाँग नाम यू नाय

नाम प्ला नीट पाठ करा. तो माशाचा आंबवलेला रस, आपण मीठ घालतो तसा तिकडं भाजीतसुद्धा पडतो. मांस नको म्हटल्यावर मांस काढतील, पण हा रस तसाच. आणि प्ला, तान यात घोटाळा नको, नाहीतर बाबा चहात मासा नको म्हणून सांगत बसतील.
आईंसाठी एकच शब्द पुरे : 'जे'. 'किन जे' म्हटलं की मांस, अंडं, कांदा, लसूण सगळं बाद. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान त्यातलं.

टिळकवाडीचे_अण्णा
शाकाहारीला 'मंगसविरत' म्हणतात. आमच्या गाईडनं तेच शिकवलेलं, आठवडाभर त्यावर निभलं.

खानापूरची_लेक
अण्णा, त्यात अंडं चालतं आणि लसूण तर असतोच. तुम्हाला चालत असेल, माळकरी बाईला कसं चालेल?

टिळकवाडीचे_अण्णा
मग तुमच्या 'जे'मध्ये दूधही चालत नाही, ते का सांगत नाही? दह्याशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच.

खानापूरची_लेक
थायलंडला दही-भात खायला जाऊलेत काय?

गोकाक_करदंट
विषय निघालाच आहे तर पुण्या-मुंबईच्या लोकांनी इकडं बेळगावला येतानाही कानडीचे चार शब्द शिकून यावं. एष्टु म्हणजे किती, बेड म्हणजे नको, साकू म्हणजे पुरे, इल्ले निल्लसरी म्हणजे इथंच थांबवा. गणपत गल्लीत मराठीवर भागतंय, पण सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलात की कळेल. 'री' मात्र विसरायचं नाही.

निपाणी_एक्सप्रेस
हे कुणी विचारलं?

गोकाक_करदंट
अ‍ॅप तरी कुणी विचारलेलं?

सांबरा_ते_सिंगापूर
सिंगापूरचं राहिलंच की. तिथं इंग्रजी चालतं, वाक्यं पाठ करायची गरज नाही. लिटल इंडियात आईंना शाकाहारी जेवण मिळेल. अडतं ते चहाला. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एकत्र असतात तिथं, नुसतं 'टे' म्हटलं की कन्डेन्स्ड मिल्कचा गोड चहा हातात. बाबांनी म्हणायचं 'टे सी कोसोंग' : बिनगोड दूध, साखर शून्य. कोरा पाहिजे तर 'टे ओ कोसोंग'. कमी गोडाला 'सिउ दाय', पण शुगरवाल्यानं त्या फंदात पडू नये. पार्सलला 'तापाव'. वयस्क दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला खुशाल अंकल म्हणा. आणि रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा कुणीतरी धरलेली असते, एसटीत रुमाल टाकतात तशी.
बरोबर खायला काय नेताय?

शहापूरचा_बारक्या
चिवडा, दशम्या, कुंदा. आईनं अनारसेही केल्यात. का?

सांबरा_ते_सिंगापूर
खसखस लावलेले?

शहापूरचा_बारक्या
अनारसे म्हटल्यावर खसखस असणारच की.

सांबरा_ते_सिंगापूर
मग ते घरीच ठेवा. सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. खसखस पडलेला मसालाही नको. च्युइंगमपण तिथं 1992 पासून बंद आहे.

टिळकवाडीचे_अण्णा
अनारसे माझ्याकडं पाठवून दे. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.

शहापूरचा_बारक्या
आईला सांगितलं, ती माझ्यावरच भडकली. अनारसे राहूलेत, कुंदा जाऊलाय. ताई, 'माय साय' सगळीकडं तेच आहे ना? म्हणजे पुढं जिन्नस तेवढा बदलायचा? आणि बाबांच्या कागदावर ख्राप प्रत्येक ओळीला लिहू का?

खानापूरची_लेक
हो, माय साय म्हणजे 'घालू नका', पुढं जिन्नस. ख्राप एकदाच वर मोठ्या अक्षरात लिहा. आईंचा कागद वेगळा करा, त्यावर खा. आणि उतरल्यावर हॉटेलच्या रिसेप्शनवरून 'जे'चं वाक्य थाई लिपीत लिहून घ्यायला सांगा. उच्चार चुकला तर कागद दाखवता येतो.

निपाणी_एक्सप्रेस
ते सगळं झालं. टूर कितीला पडली? जेवण धरून की वेगळं?