गावात ब्लँकेट वाटणारं लष्कर: मदत की मोहीम?

माजी सुभेदार: परवा इथे एकाने लिहिलं, 'काश्मीरच्या खेड्यांत लष्कर ब्लँकेट वाटतं ते फोटोसाठी, माणसं विकत घ्यायला.' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी कुपवाडा जिल्ह्यात, नियंत्रण रेषेजवळच्या तंगधार भागात नोकरी केली आहे. साधना खिंड बर्फाने बंद झाली की सगळं कर्नाह खोरं तुटतं. अशा वेळी बाई अडली तर धावतो तो आमच्या एमआय रूमचा, म्हणजे लष्करी तुकडीच्या छोट्या दवाखान्याचा, नर्सिंग असिस्टंट. ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप ७.६ चा होता, रमजान चालू होता. आमचीच माणसं बंकरखाली गाडली गेली, तरी गावातले ढिगारे उपसायला जवान होते. नंतर बर्फ पडायच्या आत छपरांसाठी जस्ती पत्रे पोचवायचे होते. चढावर वारा सुटला की पत्रा फिरायचा आणि हातमोज्यासकट तळवा कापायचा. कॅमेरा धरायला हात मोकळा कुणाचा होता?

निशिगंधा: सुभेदार साहेब, भूकंपाबद्दल वादच नाही. पण रात्री ज्या गावात झडती झाली तिथेच सकाळी औषधांचं शिबिर लावणं वेगळं. १९९८ पासून ऑपरेशन सद्भावना ही लष्कराची गावांना मदत करण्याची मोहीम चालू आहे आणि लोकांना आपल्या बाजूला आणणं हा त्याचा हेतू लष्कराने कधी लपवलेला नाही. मी वैद्यकीय मदतीच्या कामात वर्षं काढली आहेत, म्हणून अफगाणिस्तान आठवतं. २००१ मध्ये अमेरिकेने विमानांतून टाकलेली अन्नाची पाकिटं पिवळी आणि क्लस्टर बॉम्बचे न फुटलेले गोळेही पिवळे. शेवटी पाकिटांचा रंग बदलावा लागला. २००४ मध्ये अमेरिकेच्या आघाडीच्या सैन्याने अफगाणिस्तानच्या दक्षिणेत पत्रकं वाटली: मदत हवी तर तालिबानची खबर द्या. त्याच जूनमध्ये तिथल्याच बादगीस प्रांतात एमएसएफ या डॉक्टरांच्या मदतसंस्थेचे पाच जण मारले गेले आणि संस्था देश सोडून गेली. सैनिक कोण आणि डॉक्टर कोण हा फरक पुसला गेला की मरतो तो डॉक्टर.

माजी सुभेदार: अमेरिकेचं पाप आमच्या माथी मारू नका, ताई. ते परमुलखात होते, आम्ही आपल्याच माणसांत होतो.

कृष्णाकाठ: फोटोचा विषय निघालाच आहे तर २०१९ चा पूर आठवा. सांगलीत जवानांनी माझ्या आजीला बोटीत घेतलं आणि लगेच पुढच्या घराकडे निघाले. इकडे धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो! त्याहून संताप आला तो जुन्या कपड्यांचा. ट्रकच्या ट्रक आले. बटणं तुटलेले शर्ट, विरलेल्या साड्या, जरीची शेरवानी. शाळेच्या पटांगणात ढीग भिजून कुजला, वास गावभर. आम्हाला हवे होते झाडू, फिनेल, चुलीला कोरडं सरपण.

कोथरूडकर: सरसकट बोलू नका. आमच्या सोसायटीने कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवले होते. रात्रभर बायका घड्या घालत बसल्या होत्या.

कृष्णाकाठ: कुणी मागितले होते? एक फोन करून विचारलं असतंत तर?

कोथरूडकर: फोन लागत नव्हते! पुढच्या वेळी काहीच पाठवत नाही, मग बसा.

कृष्णाकाठ: ही धमकीच खरी वृत्ती. घेणाऱ्याने निमूट घ्यायचं आणि वर आभार मानायचे.

निशिगंधा: भांडू नका, पण मुद्दा हाच आहे. तुम्ही तो ढीग पटांगणात पडू दिलात, कुणी जाब विचारला नाही. कुपवाड्यातल्या म्हाताऱ्याने रायफलवाल्याच्या हातचं ब्लँकेट 'नको' म्हटलं तर? आणि घेतलं तर दहशतवादी त्याला खबऱ्या ठरवतात. दोन्हीकडून मरण त्याचंच.

माजी सुभेदार: काही घरं दिवसा यायची नाहीत, हे खरं. अंधार पडल्यावर नंबरदाराकडून, म्हणजे गावच्या पाटलाकडून, सामान न्यायची. कारण आम्हालाही ठाऊक होतं. तेव्हा फोटो बंद करा, वाटप नंबरदाराच्या हातून होऊ द्या, इतकं मी मानतो. पण खिंड बंद असताना तुमची संस्था तिथे पोचते का, ते सरळ सांगा.

निशिगंधा: नाही पोचत. पण ऑक्टोबरपर्यंत रस्ता चालू असतो. तेव्हा तुमच्या ट्रकमधून तिथल्या सरकारी दवाखान्यात हिवाळ्याचा औषधसाठा भरा. गोळ्या गावकऱ्यांना तिथल्या डॉक्टरच्या हातून मिळू देत.

माजी सुभेदार: साठा भरून ठेवू. पण जानेवारीत तो डॉक्टर दवाखान्यात हजर असेल, याची हमी आधी कुणीतरी द्या. आमच्या वेळी दाराला कुलूप असायचं, म्हणून लोक आमच्या पोस्टवर यायचे.