वर्गीकरणातली त्रुटी, चूक की दोष?

शेतीच्या पाहणीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. अमेरिकेच्या कृषी गणनेत वर्षाला १,००० डॉलरचा शेतमाल विकणारी, किंवा एरवी विकू शकली असती अशी जागा ‘शेत’ धरतात. अशी जागा पाहणीत ‘बिगरशेती’ म्हणून नोंदली गेली तर त्याला काय म्हणावं? मी ‘वर्गीकरण त्रुटी’ लिहिलंय, पण खटकतंय.

— खटकणारच. त्रुटी म्हणजे उणीव. अर्जात त्रुटी निघते तेव्हा काहीतरी जोडायचं राहिलेलं असतं. इथे बिगरशेतीही शेतांत जाऊन बसते. ती कसली उणीव, ती तर भरती!

— शिवाय ‘प्रमाण त्रुटी’ (standard error, म्हणजे नमुन्यावरून काढलेला अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) सांख्यिकीत आधीच रुळलेली आहे. ती नमुना वाढवला की घटते. हा प्रकार नमुना कितीही वाढवा, जात नाही. ‘चूक’ म्हटलं की कुणाची, हा प्रश्न आलाच, आणि बोट प्रगणकाकडे जातं. यंदा पडीक दिसणारं रान शेत आहे की नाही, हे त्याने कुंपणाबाहेरून कसं ओळखावं? म्हणून ‘वर्गीकरणदोष’.

— ‘गैरवर्गीकरण’?

— नको, गैरव्यवहाराचा वास येतो.

बरं, ‘दोष’ ठेवते. पुढे ‘दोषांची दुरुस्ती’ चालेल ना?

— तिथेच खरी गोम आहे. दुरुस्ती म्हटलं की वाचकाला वाटेल, एकेक चुकीची नोंद शोधून बदलली. तसं होत नाही. समजा जमिनीच्या १,००० तुकड्यांपैकी १०० खरोखर सोयाबीनचे आहेत. उपग्रहाच्या नकाशाने त्यातले १० टक्के हुकवले, म्हणजे ९० उरले. उरलेल्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५, उगाच सोयाबीन ठरवले. नकाशा म्हणतो १३५. दोन्हीकडचे दोष एकमेकांना खातात असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. आता हे दोन दर थोड्या तुकड्यांवर प्रत्यक्ष जाऊन तपासले, की १३५ वरून उलट गणिताने १०० वर येता येतं. नेमके कोणते ४५ चुकले, हे शेवटपर्यंत कळत नाही! नोंदी तशाच राहतात, बेरीज बदलते. याला ‘समायोजन’ म्हणा.

— नमुना पाहणीत तर एका नोंदीचा भार २०० असेल, म्हणजे ती २०० शेतांच्या वतीने मोजली जात असेल, तर एक शेत हुकलं की अंदाजातून २०० शेतं गेली. अमेरिकेने २०१२ च्या गणनेत म्हणूनच प्रश्नावल्या पाठवायची टपालाची यादी आणि निवडक जमिनीच्या तुकड्यांची स्वतंत्र क्षेत्र-पाहणी ताडून पाहिली, तळ्यातले मासे खुणा करून सोडतात आणि पुन्हा पकडून मोजतात त्या धर्तीवर: दोन्हींत सापडलेली किती, यावरून निसटलेली किती याचा अंदाज येतो. त्या पद्धतीला ‘पकड-फेरपकड’ म्हणता येईल.

‘फेरपकड’ झकास! एक राहिलं: ‘आकलन’ लिहू की ‘अंदाज’?

— आकलन मराठीत डोक्याला होतं, एकरांचं नाही. अंदाजच लिहा.