प्रतिसाद: सह्या झाल्या, मग स्कॉच स्वस्त का नाही?
मोदी आणि स्टार्मर यांच्या उपस्थितीत २४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, तरी बाटलीचा भाव लगेच का उतरला नाही, असं विचारलंय. अहो, फोटो सहीचा असतो, अंमलबजावणीचा नाही! ब्रिटनमध्ये करार संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते, पण सीमाशुल्काची अधिसूचना निघेपर्यंत बंदरावर जुनाच दर. ठरलंय ते असं: स्कॉचवरचं सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५, मग दहा वर्षांत ४०. तेही आयात किमतीवर, आणि माल ब्रिटनचाच असल्याचा पुरावा जोडला तरच. राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं; महाराष्ट्राने ते आयात स्कॉचवर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्के केलं होतं. तो निर्णय मंत्रालयातला, लंडनचा नव्हे.