मदत हवी आहे: राजकुमारी ॲलिसची वंशावळ एका पानावर कशी बसवायची?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यासाठी मी राजकुमारी ॲलिस ऑफ बॅटनबर्गवर (१८८५-१९६९) एक टिपण करते आहे. ही प्रिन्स फिलिपची आई आणि आपल्या शेवटच्या व्हाइसरॉय माउंटबॅटनची सख्खी थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचून ती अनेक भाषा समजून घ्यायची. नाझींच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये तिने एका ज्यू कुटुंबाला स्वतःच्या घरात लपवलं. माझ्या मते तिची खरी ओळख हीच, राजघराणं नंतर.

पण वाचक नाती विचारणारच, आणि तिथेच घोडं अडलंय. ॲलिस ही राणी व्हिक्टोरियाची पणती. तिच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, आईच्या आईचं पुन्हा ॲलिस! रशियाच्या शेवटच्या झारची राणी अलेक्झांड्रा तिची सख्खी मावशी. ॲलिसच्या चारही मुली जर्मन घराण्यांत दिलेल्या. त्यांतली सेसिली १९३७ साली विमान अपघातात गेली आणि उरलेल्या तिघींना १९४७ मध्ये भावाच्या लग्नाचं आमंत्रणही नव्हतं. कारण उघड आहे, युद्ध नुकतंच संपलं होतं.

त्यात फिलिप आणि त्याची बायको राणी एलिझाबेथ दोघंही व्हिक्टोरियाची खापरपतवंडं. शिवाय डेन्मार्कच्या नवव्या ख्रिश्चनचा तो पणतू, ती खापरपणती. म्हणजे एकाच जोडप्यासाठी दोन वाटा, त्याही वेगवेगळ्या पिढ्यांच्या.

अशी वंशावळ कुणी काढली आहे का? नाव दोनदा लिहायचं की रेषा ओलांडू द्यायच्या? मोबाइलवर चालणारं, देवनागरी न मोडणारं एखादं फुकट ॲप असेल तर तेही सांगा. माउंटबॅटन घराण्यावर मराठीत काही वाचलं असेल तर नाव कळवा.