काल मेळघाटात गेलेल्यांनी उत्तर द्या

सुधाआत्या: काल मेळघाटात कोण कोण गेल्तं ते ग्रुपवर सांगा. दुपारी तीनपासून रात्री साडेनऊपर्यंत एकाचाही फोन लागला नाही. आईची बीपीची गोळी सात वाजताची असते. मी इकडे अकोल्यात देवापुढे बसून होती.

बंटी: आत्या, रेंज नव्हती. चिखलदरा सोडून सेमाडोहच्या रस्त्याला लागलं की फोन मुकाच होतो. आजीची गोळी वेळेवर दिली, आईच्या पर्समध्ये होती.

मोठेबाबा: परतवाड्यात टाकी फुल केली होती का?

नंदाकाकू: आम्हाला तर तुम्ही गेल्याचंच आज समजलं, स्टेटस पाहून. फोटो छान आहेत 🙏

वहिनी: काकू, गाडीत सातच जागा. गोलूला विचारलं होतं, त्याचा क्लास होता.

नंदाकाकू: गोलूला विचारलं. आम्हाला नाही. असो.

गोलू: वाघ दिसला का??

बंटी: नाही. पण कोलकासच्या अलीकडे रानगवे. नऊ. एक तर रस्त्याच्या मधोमध. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं बसलो, आजीने श्वाससुद्धा हळू घेतला 😄

मोठेबाबा: परतवाड्यात टाकी फुल केली होती का?

जवाईबुवा (पुसद): गव्यांचं ठीक. रानपिंगळा पाहिला का कोणी? 1884 नंतर शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता, 1997 ला शहाद्याकडे परत सापडला. मेळघाटात आहे. घुबडाच्या जातीचा, पण दिवसाही फिरतो. सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. काच खाली करून शांत पाहायला पाहिजे.

वहिनी: काच खाली केली ती माकडांना केळी द्यायला. तिसरा फोटो पाहा.

जवाईबुवा (पुसद): तो फोटो स्टेटसवरून काढा वहिनी, हात जोडतो. खायला मिळतं म्हणून माकडं डांबरावर येऊन बसतात आणि मागच्या गाडीखाली मरतात. घाटात असं पिल्लू मी पाह्यलं आहे.

वहिनी: बरं, काढते.

सुधाआत्या: विषय बदलू नका. एवढा उशीर कशाने?

बंटी: गाविलगडावर दीड तास गेला. काका तटाजवळ उभं राहून 1803 ची लढाई सांगत होते, इंग्रजांनी उत्तरेकडून तट कसा फोडला ते.

काका: पोट्टे स्वतःहून विचारत होते. नाही सांगायचं का?

बंटी: मग भीमकुंड, मग रबडी.

नंदाकाकू: रबडी कोणत्या डब्यात आणली? फोटोत माझा तीन खणांचा डबा दिसतो. दिवाळीपासून शोधून राहिली मी.

वहिनी: तो डबा माझ्या माहेरचा आहे.

नंदाकाकू: झाकणावर नाव पाहा.

वहिनी: रात्री टायर बदलताना सामान खाली काढलं, त्यात झाकण कुठे गेलं काय माहीत.

सुधाआत्या: कोणतं टायर????

सुधाआत्या: बंटी

सुधाआत्या: बंटी उत्तर दे

बंटी: सेमाडोह सोडल्यावर पंक्चर झालं आत्या. सात वाजले होते. मागून धारणीची एसटी आली, ड्रायव्हरने गाडी आमच्या मागे लावून लाइट चालू ठेवले. पंधरा-वीस मिनिटं. सगळे प्रवासी गप बसले, एकानेही कुरकुर केली नाही. म्हणे चाक बसल्याशिवाय मी जात नाही. आजी गाडीतच होती.

सुधाआत्या: अंधारात, त्या जंगलात, ऐंशी वर्षांच्या बाईले घेऊन. आणि मी विचारलं तर रेंज नव्हती म्हणे.

मोठेबाबा: परतवाड्यात टाकी फुल केली होती का?

काका: दादा, किती वेळा! फुल होती.

मोठेबाबा: विचारतो कारण आमची जीप त्याच रस्त्यावर डिझेल संपून उभी राहिली होती. सुधा तेव्हा फ्रॉकमध्ये होती, तिला आठवत नसेल. एका कोरकू घरी रात्र काढली. त्यांनी कुटकीचा भात वाढला, अंगणात आमच्यासाठी बाजा टाकल्या, स्वतः खाली झोपले. सकाळी पैसे दिले तर त्या माणसाने हात मागे घेतला. बाबा परतवाड्यापर्यंत काही बोलले नाहीत. तेव्हापासून सांगतो, टाकी परतवाड्यात फुल आणि चार वाजता सेमाडोह सोडायचं. हिवाळ्यात सहाला अंधार पडते.

सुधाआत्या: मले आठवते दादा. मायीने मले लुगड्यात गुंडाळलं होतं.

वहिनी: आजी बोलून राहिली, मी टाइप करते: सुधे, माया जीव गेला नाई नं. भीमाने कीचकाले मारून फेकलं थो दरा पोट्ट्याईले दाखवला, मायं काम झालं. पुढच्या खेपी तू ये. नंदालेबी घ्या.

सुधाआत्या: येईन. पण चार वाजता सेमाडोह सोडायचं.

मोठेबाबा: आणि टाकी.

नंदाकाकू: आईंना नमस्कार 🙏 झाकण सापडलं का?

बंटी: सापडलं काकू, स्टेपनीच्या जागेत होतं. तुमचंच नाव आहे. संध्याकाळी डबा घेऊन येतो.