पंख आणि पाकळ्या
प्रश्न असा, की रणगाड्याच्या सॅबो गोळ्याला (म्हणजे गळून पडणाऱ्या पाकळ्यांत बसवलेल्या टंगस्टनच्या सळईला) रायफलच्या गोळीसारखी गिरकी का देत नाहीत, मागे पंख कशाला? कारण लांबी. जाडीच्या ५-६ पटींहून लांब वस्तू गिरकीने नीट सावरत नाही, आणि ही टंगस्टनची सळई तर २० पटींहूनही लांब असते. आमचं गाव पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ. लहानपणी तुराटीचे बाण करायचो, टोकाला बाभळीचा काटा. शेपटाला कोंबडीचं पीस बांधलं नाही की बाण हवेतच आडवा व्हायचा. पंखांचं काम तेच.

आता सॅबो. टी-९० रणगाड्याची नळी १२५ मिलिमीटरची, सळई मात्र बोटाएवढी जाड. मधली जागा तीन हलक्या पाकळ्या भरतात, बहुधा ॲल्युमिनियमच्या; या पाकळ्या म्हणजेच सॅबो. वायूचा दाब नळीभर रुंदीवर बसतो, ढकलायचं वजन मात्र कमी, म्हणून वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास किंवा वर जातो. तोंडातून बाहेर पडताच समोरची हवा पाकळ्यांच्या खोलगट भागात शिरते आणि पराटीचं बोंड उकलावं तशा त्या फाकून गळून पडतात. पुढे एकटी सळई जाते. तिच्यात बारूद नसते, पोलाद भेदतो तो निव्वळ वेग आणि वजन.

अर्जुन रणगाड्याची नळी आट्यांची, म्हणजे आतून गिरकी देणाऱ्या पीळदार खाचांची, असूनही तो हाच गोळा मारतो. सॅबोवरचा पट्टा आट्यांत फिरतो, घसरतो आणि सळईपर्यंत फार थोडी गिरकी पोचू देतो.